ज्युरी पुरावा तोलते, की गोष्ट जुळवते?

एका बारमध्ये दुपारी दोघांची बाचाबाची होते. एक जण वस्तरा काढून दुसऱ्याला धमकावतो. धमकी मिळालेला माणूस निघून जातो, नंतर मित्राबरोबर परत येतो आणि आता त्याच्या खिशात मासेमारीची सुरी असते. दोघं बाहेर पडतात, झटापट होते आणि वस्तरेवाला सुरीच्या घावाने मरतो. हा ठरवून केलेला खून, की स्वतःचा जीव वाचवताना झालेला वार? मॅसॅच्युसेट्समधल्या एका खऱ्या खटल्यावर बेतलेली ही हकिगत नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपल्या प्रयोगांसाठी वापरली. 1988 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी पुरावा तोच ठेवला आणि बदलला तो फक्त क्रम. काही जणांना सरकार पक्षाचा पुरावा घटना घडल्या त्या क्रमाने, सलग ऐकवला आणि बचाव पक्षाचा मात्र साक्षीदार जसे येतील तसा, तुकड्यातुकड्यांनी. काही जणांना नेमकं याच्या उलट. पहिल्या गटातल्या 78 टक्के लोकांनी आरोपीला खुनी ठरवलं, दुसऱ्या गटातल्या 31 टक्क्यांनी. साक्षी त्याच, सुरी तीच, वस्तराही तोच.

ज्युरीबद्दल कायद्याच्या मनात जे चित्र आहे ते तराजूचं. साक्षीदार येतो, ज्युरीतली माणसं त्याच्या शब्दाचं वजन करतात, ते एका पारड्यात टाकतात. पुढचा पुरावा येतो, त्याचंही वजन होतं. शेवटी काटा कुठे झुकला ते पाहून निवाडा. पेनिंग्टन आणि हेस्टी यांनी आधीच्या एका अभ्यासात लोकांना खटला दाखवून ‘काय घडलं असेल ते सांगा’ असं विचारलं, तेव्हा असा हिशेब कुणी मांडलाच नाही. लोकांनी गोष्टी सांगितल्या. त्या गोष्टींतला जवळपास निम्मा मजकूर साक्षीत कुठेच नव्हता, तो ऐकणाऱ्यांनी भरलेला होता. आरोपीला खुनी ठरवणाऱ्यांच्या गोष्टीत तो अपमानाने पेटून सुरी घेऊन आला होता. निर्दोष ठरवणाऱ्यांच्या गोष्टीत सुरी त्याच्या खिशात नेहमीच असायची. खिशातली सुरी हा पुरावा दोन्हीकडे होता. तो कुठल्या गोष्टीत बसला त्यावरून त्याचं वजन ठरलं. खुनाच्या खटल्यात ज्युरी कुठल्या पुराव्याला किती मान देते याचं उत्तर मला इथेच सापडतं असं वाटतं. जो पुरावा स्वतःच गोष्ट होऊन येतो, त्याला लायकीपेक्षा जास्त वजन मिळतं. जो गोष्टीत गुंफावा लागतो, त्याला गुंफणाऱ्याच्या कसबाइतकं. आणि जो गोष्टीला दादच देत नाही, त्याला एक तर काहीच मिळत नाही किंवा सगळंच मिळतं.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार ही तयार गोष्ट असते. ‘मी पाहिलं, हाच तो’ यात सुरुवात, मध्य, शेवट आणि पात्र सगळं आलं. एलिझाबेथ लॉफ्टस यांनी 1974 मध्ये विद्यार्थ्यांना एका किराणा दुकानातल्या दरोड्याचा आणि खुनाचा खटला वाचायला दिला. नुसता परिस्थितिजन्य पुरावा होता तेव्हा 18 टक्क्यांनी आरोपीला दोषी ठरवलं. त्यात एक प्रत्यक्षदर्शी घातल्याबरोबर प्रमाण 72 टक्क्यांवर गेलं. तिसऱ्या गटाला सांगितलं गेलं की या साक्षीदाराची नजर फार अधू आहे आणि त्या वेळी त्याने चष्मा लावलेला नव्हता. तरीही 68 टक्के दोषीच म्हणाले. हा शेवटचा आकडा फार गाजला, पण तो जपून वापरायला हवा, कारण नंतरच्या काही प्रयोगांत खोटा पाडलेल्या साक्षीदाराचा प्रभाव बराच ओसरलेला दिसला. अधिक भक्कम काम ब्रायन कटलर आणि स्टीव्हन पेनरॉड यांचं. त्यांनी चित्रित केलेल्या खटल्यात साक्षीदाराने आरोपीला किती वेळ पाहिलं, आरोपीचा चेहरा झाकलेला होता का, ओळख परेड नीट घेतली का, असे अनेक घटक बदलून पाहिले. ऐकणाऱ्यांवर खरा परिणाम झाला तो एकाच गोष्टीचा: साक्षीदार किती ठामपणे बोलतो. आता हा ठामपणा कुठून येतो ते पाहा. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफील्ड यांनी 1998 मध्ये दाखवलं की चुकीचा माणूस निवडलेल्या साक्षीदाराला नुसतं ‘छान, तुम्ही संशयितालाच ओळखलंत’ एवढं म्हटलं, तरी त्याची खात्री वाढते. इतकंच नाही, आपल्याला त्या वेळी चेहरा फार स्पष्ट दिसला होता असंही त्याला आठवू लागतं. पोलीस ठाण्यात चाचरत दाखवलेलं बोट कोर्टात पोचेपर्यंत ताठ झालेलं असतं, आणि ज्युरीला दिसतं ते हे दुसरं बोट. अमेरिकेत 1989 पासून 2020 पर्यंत डीएनए चाचणीमुळे जे पावणेचारशे कैदी निर्दोष ठरले, त्यांतल्या सुमारे 70 टक्के खटल्यांत साक्षीदाराने चुकीचा माणूस ओळखला होता. ही माणसं खोटं बोलत नव्हती. खोटारडा साक्षीदार उलटतपासणीत उघडा पडू शकतो; प्रामाणिकपणे चुकलेल्याला वकील काय विचारणार?

कबुलीजबाब तर याच्याही पुढचा. इथे गोष्ट सांगणारा खुद्द नायक असतो. सॉल कॅसिन आणि कॅथरीन न्यूमन यांनी 1997 मध्ये कबुली, प्रत्यक्षदर्शी आणि चारित्र्याबद्दलची साक्ष यांची तुलना केली, तेव्हा कबुलीचं पारडं सगळ्यांत जड निघालं. त्याच वर्षीचा कॅसिन आणि होली सुकेल यांचा प्रयोग मला जास्त अस्वस्थ करणारा वाटतो. खुनाच्या एका खटल्यात कबुली दबावाखाली घेतली होती असं दाखवलं गेलं. वाचणाऱ्यांना ते पटलं. कबुली ऐच्छिक नाही असं ते म्हणाले, आपण ती विचारात घेतली नाही असंही म्हणाले. पण कबुली नसलेल्या गटापेक्षा दोषी ठरवण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्तच राहिलं. माणूस न केलेला खून कबूल का करेल, या प्रश्नाला बहुतेकांच्या अनुभवात उत्तरच नसतं. रात्रभर चाललेली चौकशी, झोप नाही, ‘सही कर आणि घरी जा’ हे कानावर पडत राहणं, ही गोष्ट ज्युरीपुढे येतच नाही; येते ती शेवटची सही. स्टीव्हन ड्रिझिन आणि रिचर्ड लिओ यांनी 2004 मध्ये अमेरिकेतल्या 125 सिद्ध झालेल्या खोट्या कबुल्या गोळा केल्या. त्यांतले जे आरोपी खटल्याला सामोरे गेले, त्यांच्यापैकी 81 टक्के दोषी ठरले होते. शिवाय कबुली एकटी राहत नाही, ती शेजारच्या पुराव्यालाही बाटवते. आरोपीने कबूल केलंय असं कळल्यावर साक्षीदारांनी आपली आधीची ओळख बदलल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. म्हणजे ज्युरीला वाटतं आपल्यापुढे तीन स्वतंत्र पुरावे आहेत, आणि प्रत्यक्षात एकाच पुराव्याच्या दोन सावल्या पडलेल्या असतात. आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध वापरायलाच मनाई केली, आणि नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो नियम कायम आहे. वसाहतीच्या राज्यकर्त्यांनी तो केला तो स्वतःच्याच पोलिसांवर विश्वास नसल्यामुळे, ज्युरीच्या मनाचा अभ्यास करून नव्हे. तरी सव्वाशे वर्षांनंतर प्रयोगांनी जे सुचवलं ते त्या कलमात आधीच होतं. (पोलिसांनी कबुलीच्या आधारे हत्यार ‘हस्तगत’ केलं की तेवढा भाग पुराव्यात येतो, ही त्यातली फट; तिचा वापर किती होतो हे फौजदारी वकिलांना विचारावं.)

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. आकडा हा गोष्टीला सगळ्यांत कमी दाद देणारा पुरावा. गॅरी वेल्स यांनी 1992 मध्ये एक छोटं कोडं घातलं. एका बाईंचा कुत्रा बसखाली सापडून मेला. त्या रस्त्यावरच्या 80 टक्के बस एका कंपनीच्या आहेत. त्या कंपनीची बस असण्याची शक्यता किती? लोक म्हणाले, 80 टक्के. मग कंपनीला जबाबदार धराल? बहुतेकांनी नकार दिला. पण ‘बस त्याच कंपनीची होती’ असं सांगणारा एक माणूस उभा केला आणि तो 80 टक्के वेळा बरोबर असतो असं सांगितलं, की लोक जबाबदारी टाकायला तयार. शक्यता दोन्हीकडे सारखीच. फरक एवढाच की दुसरा पुरावा त्या दिवशीच्या त्या बसबद्दल काहीतरी सांगतो, पहिला नुसता रस्त्याबद्दल. वेल्स यांनी न्यायाधीशांनाही हा प्रश्न विचारला होता. त्यांची उत्तरं वेगळी नव्हती.

यावरून आकड्यापुढे ज्युरी नेहमी थंड राहते असं म्हणावं, तर इंग्लंडमधला सॅली क्लार्कचा खटला आडवा येतो. व्यवसायाने सॉलिसिटर असलेल्या या बाईंची दोन तान्ही मुलं, एक 1996 च्या डिसेंबरात आणि दुसरं 1998 च्या जानेवारीत, अचानक दगावली. दोन्ही खून आहेत असा आरोप ठेवून 1999 मध्ये चेस्टरच्या क्राउन कोर्टात खटला चालला. बालरोगतज्ज्ञ सर रॉय मेडो यांनी साक्ष दिली की सुस्थितीतल्या, धूम्रपान न करणाऱ्या घरात बाळ असं अचानक दगावण्याची शक्यता 8,543 मध्ये एक. दोन बाळं दगावण्याची तिचा वर्ग, म्हणजे 7 कोटी 30 लाखांत एक. त्यांनी ग्रँड नॅशनल घोडशर्यतीचा दाखला दिला आणि देशात असा योग शंभर वर्षांतून एकदा येईल, असंही सांगितलं. ज्युरीने 10 विरुद्ध 2 मतांनी त्यांना दोषी ठरवलं. गणित दोन ठिकाणी चुकलं होतं. एकाच घरातली दोन भावंडं म्हणजे नाण्याच्या दोन स्वतंत्र फेका नव्हेत; रक्तातला किंवा घरातला एखादा समान दोष दोघांनाही भोवू शकतो, त्यामुळे आकड्याचा वर्ग करता येत नाही. दुसरी चूक जास्त घातक. ‘निष्पाप आईची दोन बाळं अशी जाण्याची शक्यता’ म्हणजे ‘ही आई निष्पाप असण्याची शक्यता’ नव्हे. आईने आपली दोन्ही तान्ही मुलं मारणं हेही अतिदुर्मीळच. तुलना करायची तर या दोन दुर्मीळ गोष्टींची. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने 2001 मध्ये जाहीर निवेदन काढून ही चूक दाखवली.

पण मला इथे रस आहे तो ज्युरीच्या बाजूने. बसच्या कोड्यात आकडा निष्प्रभ ठरला आणि चेस्टरमध्ये तोच सर्वशक्तिमान वाटावा, हे कसं? कारण ‘शंभर वर्षांतून एकदा’ हा आकडा उरलाच नव्हता. त्याने बचावाची गोष्ट, म्हणजे दोन नैसर्गिक मृत्यू, उच्चारण्याआधीच अशक्य करून टाकली, आणि मग एकच गोष्ट शिल्लक राहिली. आकड्यांवरून आम्ही कुणाला दोषी ठरवत नाही, अशा अर्थाचा इशारा न्यायाधीशांनी ज्युरीला दिला होता. तो कितपत उपयोगी पडला हे कधीच कळणार नाही, कारण इंग्लंडमध्ये ज्युरीच्या खोलीत काय बोलणं झालं ते विचारायलाच कायद्याची मनाई आहे. 2000 मधलं पहिलं अपील फेटाळलं गेलं. 2003 च्या जानेवारीत शिक्षा रद्द झाली ती मुख्यतः वेगळ्या कारणाने: दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारे प्रयोगशाळेचे अहवाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने बचाव पक्षाला दिलेच नव्हते. सॅली क्लार्क 2007 मध्ये वारल्या.

न्यायवैद्यक पुराव्याचीही हीच गत. 2000 साली सुरू झालेल्या ‘सीएसआय’ मालिकेनंतर सरकारी वकील तक्रार करू लागले की टीव्ही पाहून बिघडलेली ज्युरी डीएनएशिवाय कुणाला दोषीच ठरवत नाही. मिशिगनमधले न्यायाधीश डॉनल्ड शेल्टन यांनी 2006 मध्ये ज्युरीसाठी बोलावलेल्या 1,027 नागरिकांची पाहणी केली. प्रत्येक फौजदारी खटल्यात काही ना काही शास्त्रीय पुरावा असावा अशी अपेक्षा 46 टक्के लोकांची निघाली, पण मालिका पाहणं आणि दोषी ठरवायला नकार देणं यांचा सरळ संबंध काही दिसला नाही. उलट बाजूने पाहा: अमेरिकेत खुनाचा आरोप असलेल्या ओ. जे. सिम्पसनच्या खटल्यात रक्ताच्या डीएनएवर कित्येक आठवडे साक्षी झाल्या आणि 1995 च्या ऑक्टोबरात ज्युरीने चार तासांच्या आत त्याला निर्दोष ठरवलं. बचाव पक्षाने डीएनएच्या शास्त्राला फारसं आव्हान दिलं नव्हतं. ते रक्त गोळा कुणी केलं, कसं हाताळलं आणि पुराव्यातला हातमोजा ज्या पोलिसाला सापडला त्याची मतं काय आहेत, ही दुसरी गोष्ट त्यांनी त्याच रक्ताभोवती रचली. रक्त कुणाचं ते प्रयोगशाळा सांगते. ते तिथे कसं आलं, हे वकिलालाच सांगावं लागतं.

मराठी वाचकाच्या डोक्यात इथवर नानावटी खटला आला असेलच. 27 एप्रिल 1959 रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीच्या प्रियकराला, प्रेम आहुजाला, त्याच्या फ्लॅटमध्ये गोळ्या घातल्या. सत्र न्यायालयातल्या ज्युरीने त्यांना 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं. रुसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने उठवलेल्या राळेमुळे ज्युरी वाहवत गेली, असं आपण सहज म्हणून जातो. ते खोटं नसेल, पण अपुरं आहे. त्या खटल्यात दोन गोष्टी होत्या. सरकार पक्षाची गोष्ट घड्याळाप्रमाणे चालत होती: पत्नीची कबुली ऐकली, कुटुंबाला सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या, आहुजाच्या ऑफिसात गेले, मग घरी गेले, आणि आंघोळ करून आलेल्या आहुजाच्या कमरेचा टॉवेल तीन गोळ्या लागून तो कोसळला तरी जागेवरच होता. झटापट झाली असती तर टॉवेल राहिला असता का? बचावाची गोष्ट माणसाभोवती फिरत होती: विश्वासघात झालेला शूर अधिकारी, लग्न करून मुलांना सांभाळशील का हा त्याचा प्रश्न, समोरून आलेलं उर्मट उत्तर, रिव्हॉल्व्हरसाठी झोंबाझोंबी, अपघाताने सुटलेल्या गोळ्या. टॉवेल पहिल्या गोष्टीत निर्णायक आहे, दुसरीत अडगळीत पडतो. ज्युरीने दुसरी गोष्ट स्वीकारली असावी, हा अर्थात माझा तर्क. ज्याकडे कमी लक्ष जातं ते पुढेच आहे. निवाडा मान्य नसलेल्या न्यायाधीश मेहतांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तेव्हा त्यांनीच ज्युरीला केलेल्या मार्गदर्शनात गंभीर चुका सापडल्या. अपघात झाला हे दाखवण्याची जबाबदारी कायद्याने आरोपीवर असते, हेच ज्युरीला नीट सांगितलेलं नव्हतं. उच्च न्यायालयाने 1960 मध्ये दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने 1961 च्या नोव्हेंबरात ती कायम केली. ज्युरीला दोष देताना तिच्या हाती कोणती मोजपट्टी दिली होती तेही पाहायला हवं, एवढाच मुद्दा.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: विद्यार्थ्यांना चार पानं वाचायला देऊन निघालेला निष्कर्ष खऱ्या खटल्याला कसा लागू होईल? तिथे माणसाचं आयुष्य टांगलेलं असतं, साक्षी आठवडाभर चालतात, मग बारा जण एकत्र बसून चर्चा करतात. खऱ्या ज्युरीचं बोलणं ऐकायचा प्रयत्नही झाला होता. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी 1954 मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा इथे न्यायाधीशांच्या परवानगीने ज्युरीच्या खोलीत ध्वनिमुद्रण केलं. गवगवा झाल्यावर अमेरिकी काँग्रेसने 1956 मध्ये कायदा करून असं ध्वनिमुद्रण बंद केलं. मग हॅरी कॅल्व्हन आणि हान्स झायसेल यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी 3,576 खटल्यांत न्यायाधीशांना विचारलं की ज्युरी नसती तर तुम्ही काय निवाडा दिला असता. 1966 च्या त्यांच्या पुस्तकानुसार सुमारे 78 टक्के खटल्यांत न्यायाधीश आणि ज्युरी यांचं एकमत होतं, आणि जिथे मतभेद होता तिथे बहुतेक वेळा ज्युरी जास्त दयाळू होती. चाळीसेक वर्षांनी थिओडोर आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी चार ठिकाणी तशीच पाहणी केली, तेव्हाही चित्र फारसं बदललं नव्हतं. म्हणजे ज्युरी हवेतल्या गोष्टी रचत नाही. पुरावा भक्कम असला की ती पुराव्यामागेच जाते. हे मला मान्य आहे, आणि माझ्या म्हणण्याला ते मारकही नाही. पुरावा एकतर्फी असतो तेव्हा एकच गोष्ट उभी राहू शकते. दोन गोष्टी उभ्या राहतील इतका पुरावा तुल्यबळ असतो, तिथेच तो कसा मांडला, कोण ठामपणे बोललं, याला महत्त्व येतं. कॅल्व्हन आणि झायसेल यांनाही मतभेद सापडले ते मुख्यतः अशाच काठावरच्या खटल्यांत. चर्चेने चुका धुऊन निघतात या आशेलाही त्यांच्याच आकड्यांचा आधार कमी आहे: दर दहांतल्या सुमारे नऊ खटल्यांत पहिल्या मतदानातलं बहुमतच शेवटचा निवाडा ठरलं. शिवाय एकांतात बसलेली ज्युरी काय करेल याचा नेम नसतो. इंग्लंडमध्ये 1994 मध्ये दुहेरी खुनाच्या एका खटल्यात हॉटेलात मुक्कामाला ठेवलेल्या काही ज्युरी सदस्यांनी प्लँचेट करून मृताशीच ‘संपर्क’ साधला. अपील न्यायालयाला यात लक्ष घालता आलं, कारण हा प्रकार हॉटेलात झाला होता. ज्युरीच्या खोलीत झाला असता तर चौकशीला बंदी होती.

दुसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो: यासाठीच तर आपण ज्युरी काढून टाकली, शिकलेला न्यायाधीश गोष्टीला भुलत नाही. (ती काढली नानावटीमुळे, असं म्हणतात ते अर्धवट आहे. विधी आयोगाने 1958 मध्येच, म्हणजे त्या गोळ्या सुटण्याआधी, तशी शिफारस केली होती, आणि संपूर्ण देशातून ज्युरी गेली ती 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने.) अँड्र्यू विस्ट्रिच आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये अमेरिकन न्यायाधीशांवर केलेल्या प्रयोगांत दिसलं की बाद ठरवलेली माहितीही अनेकदा त्यांच्या मनातून जात नाही, वकिलाविना घेतलेली कबुली बाजूला ठेवणं मात्र त्यांना जमलं. आपल्याकडचं उदाहरण पुण्याचं आहे. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात विषाने मरण पावलेल्या विवाहितेची स्वतःची पत्रं पुराव्यात होती. सत्र न्यायालयाने खून मानून फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच कागद वाचून आत्महत्येची शक्यता नाकारता येत नाही म्हणत आरोपीला सोडलं. ज्युरी कुठेच नव्हती, तरी एकाच पुराव्यातून दोन गोष्टी निघाल्या. पण या निकालाने परिस्थितिजन्य पुराव्यासाठी जी पाच सूत्रं घालून दिली, ती मला या सगळ्या संशोधनाला मिळालेलं उत्तर वाटतात, भले न्यायमूर्ती फझल अलींना मानसशास्त्राशी देणंघेणं नसेल. आरोपीच्या अपराधाशी जुळणारी गोष्ट सापडली एवढं पुरेसं नाही; निर्दोषत्वाशी जुळणारी प्रत्येक दुसरी गोष्ट त्या पुराव्याने बाद व्हायला हवी, असं ती सूत्रं सांगतात. गोष्ट चांगली आहे का, हा प्रश्न मनाला आपोआप पडतो. दुसरी उभी राहू शकते का, हा मुद्दाम विचारावा लागतो.

तो विचारायला ज्युरीला शिकवता येईल का? नुसत्या सूचनांवर माझा फारसा भरवसा नाही. इंग्लंडमध्ये शेरिल थॉमस यांनी 2010 मध्ये दाखवलं की न्यायाधीशाच्या तोंडी सूचना कायद्याच्या भाषेत पूर्ण कळलेले लोक 31 टक्केच होते. लेखी सारांश हातात दिल्यावर ते 48 टक्के झाले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने हेंडरसन खटल्यानंतर प्रत्यक्षदर्शी साक्षीबद्दल सविस्तर सूचना लागू केल्या. 2015 मध्ये त्यांची चाचणी झाली तेव्हा दिसलं की दोषी ठरवण्याचं प्रमाण घसरलं, पण चांगल्या ओळखीतही घसरलं आणि वाईट ओळखीतही. लोक सावध झाले, पारखी झाले नाहीत. ‘यावर विश्वास ठेवू नका’ म्हटल्याने गोष्टीत भोक पडतं, ते बुजवायला दुसरं काही मिळत नाही. त्यापेक्षा पुरावा तयार होतानाच त्याची पूर्ण हकिगत नोंदवलेली असावी: ओळख परेडीत साक्षीदार पहिल्यांदा काय म्हणाला ते तिथल्या तिथे लिहिलेलं, आणि चौकशी पहिल्या मिनिटापासून ध्वनिमुद्रित केलेली. इंग्लंडने पोलिसी चौकशीचं ध्वनिमुद्रण 1984 च्या कायद्यानंतर सुरू केलं. मग सहीच्या आधीचे तासही ज्युरीला ऐकू येतात आणि ‘न केलेला खून कोण कबूल करेल’ याचं उत्तर तिला मिळू शकतं. याच कारणाने बचाव पक्षाच्या गप्प बसण्यातही धोका आहे. कायदा म्हणतो, सिद्ध करण्याचा भार सरकारवर, आरोपीला तोंडही उघडायची गरज नाही. सुरुवातीच्या प्रयोगातले 78 टक्के सांगतात की ज्याची गोष्ट विस्कळीत, त्याच्यावर मन उलटा भार टाकतं.

न्यायाधीश आणि ज्युरी यांच्यात फरक आहे तो कारणं लिहिण्याचा. पुण्याच्या खटल्यात खालच्या दोन न्यायालयांनी पत्रांचा अर्थ कसा लावला ते कागदावर होतं, म्हणून तिसऱ्याला तो तपासता आला. चेस्टरच्या दहा जणांनी त्या 7 कोटी 30 लाखांचं काय केलं ते कुठेच लिहिलेलं नाही. ज्युरीने कारणं द्यावीत ही कल्पना अव्यवहार्य मानली जाते; सामान्य नागरिक निकालपत्र कसं लिहिणार? स्पेनने 1995 मध्ये ज्युरी आणली तेव्हा नऊ सदस्यांनी कुठल्या पुराव्याच्या आधारे काय सिद्ध मानलं ते थोडक्यात लिहावं, अशी अटच घातली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने 2010 मध्ये बेल्जियमविरुद्धच्या ताक्सके खटल्यात सांगितलं की आपल्याला दोषी का ठरवलं हे आरोपीला समजलं पाहिजे, आणि पुढच्याच वर्षी फ्रान्सने खुनासारख्या खटल्यांत निवाड्याबरोबर कारणांचा कागद जोडणं सक्तीचं केलं. या वाटेलाही काटे आहेत. स्पेनच्या बास्क प्रांतात दोन पोलिसांच्या खुनाच्या खटल्यात 1997 मध्ये ज्युरीने आरोपीला सोडलं, वरच्या न्यायालयाने कारणं अपुरी म्हणून तो निवाडा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, आणि नऊ नागरिकांकडून न्यायाधीशासारख्या कारणांची अपेक्षा करावी का, यावर तिथल्या कायदेपंडितांत बराच वाद झाला.